अकरा किलोमीटर

बाबांचा नियम एकच:
दीड सेंटाच्या खाली मैल मोडायचा नाही.
वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत तो नियम
आणि त्याच्याखाली चार लाख बारा हजार,
बत्तीस वर्षं पेरणीयंत्रांचे सुटे भाग विकत
सास्काटूनहून विनिपेग, फार्गो, पुन्हा विनिपेग,
मधल्या सीटवर, गुडघ्यांत नमुन्यांची पेटी धरून
जमवलेले.

आई म्हणायची, ओरेस्ट, हॅलिफॅक्सला जाऊ,
मला एकदा समुद्र बघायचाय.
बाबा वही उघडायचे.
पंचवीस हजार मैल, तिकीट तीनशे दहा डॉलर,
म्हणजे सव्वा सेंटसुद्धा सुटत नाही.
हॅलिफॅक्सला रोखीनं जावं, ते म्हणायचे.
रोख कधी कुणी काढली नाही.

टोकियो मात्र पहिल्या वर्गानं:
आडवी होणारी खुर्ची, कापडी रुमाल,
मैलामागे सहा सेंट.
टोकियोत बघायचं काय, हे बाबांना ठाऊक नव्हतं.
त्यांना ते सहा सेंट दिसत होते.

आणि मैल मरतात.
दीड वर्ष खातं निपचित पडलं की गेले.
म्हणून दर वसंतात बाबा कंपनीच्या दुकानातून
सगळ्यांत स्वस्त वस्तू मागवून त्यांच्यात धुगधुगी ठेवत.
आमच्याकडे न्हाणीघर एक,
पडदे नऊ.

हॉटेलांचं गणित वेगळं.
वर्षात पन्नास रात्री भरल्या तर सोनेरी कार्ड,
आणि त्या डिसेंबरात भरल्या होत्या अठ्ठेचाळीस.
पॉइंटांवर काढलेली रात्रही धरतात ना,
हे बाबांनी फोनवर तीन वेगवेगळ्या मुलींना विचारलं
आणि विमानतळाजवळच्या हॉटेलात खोली घेतली.
घरापासून अकरा किलोमीटर.
आईनं डब्यात पेरोगी भरून दिले, वर परतलेला कांदा,
जसा फार्गोला जाताना द्यायची.

दुसऱ्या संध्याकाळी उणे चौतीस.
आईचा मला फोन: मीही निघाले,
पलंग दोघांचा आहे म्हणे, अर्धा वाया जातोय.
तिच्या पिशवीत निळा पोहण्याचा पोशाख होता,
हॅलिफॅक्ससाठी घेतलेला,
लेबल अजून तसंच.

तरणतलाव काचेच्या आत.
काचेपलीकडे बर्फ ओढणारी यंत्रं, धावपट्टीचे दिवे,
आत फ्लिन फ्लॉनहून आलेली
हॉकीवाल्या पोरांची आख्खी टोळी, धबाधब उड्या मारणारी.
आईला पोहता येत नाही.
कठडा धरून ती गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली,
पोरांनी उसळवलेली प्रत्येक लाट
तोंडावर घेत,
एक तास चाळीस मिनिटं.
बाबा काठावर, विजार दुमडून, पाय पाण्यात.
वही मांडीवर. भिजली थोडी.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं:
सभासदांच्या सोयीसाठी
टोकियोला आता दुप्पट मैल लागतील.
गारपीट, बाबा म्हणाले, आणि पत्राची घडी घातली.
गारांचा तरी विमा असतो.

त्याच आठवड्यात आईनं स्वतः फोन लावून
अडतीस हजार मैलांत
कणीक मळायचं यंत्र मागवलं.
दुकानात एकशे चाळीस डॉलरला मिळतं ते.
बाबांनी भागाकार केला
आणि तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी यंत्राचा आवाज ऐकून आले,
स्टूल ओढून बसले, म्हणाले,
दुसऱ्या वेगावर ठेव, मोटर तापेल.

वही परवा मी चाळली.
शिल्लक तीन लाख चौऱ्याहत्तर हजार,
आणि दहाव्या पडद्याची पावती.
डिसेंबरच्या पानावर शाई पसरलेली:
खोली दोनशे चौदा, सहा हजार पॉइंट,
एरवी एकशे एकोणीस डॉलर,
जवळजवळ दोन सेंट, खाली दोन रेघा.
त्याखाली आईचं अक्षर, पेन्सिलीनं:
पाणी कोमट होतं.
टॉवेल लहान.