पाणी कोमट

वही उघडली. पहिल्या पानावर मागच्या वर्षीचा हिशेब,
सायमनकडून येणे एकशे वीस रुपये.
ते आले नाहीत. आता सायमनही येत नाही.

खाली नवीन लिहिलं:
तरुण संघ, रिट्रीट. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार.
वर्गणी साडेतीनशे.
जागा पिंपळझिऱ्याचं जुनं मिशन, कुष्ठरोग्यांचा वॉर्ड,
बंद आहे, पण छत शाबूत.

पाळकसाहेबांनी सहा प्रवचनं दिली.
मी दोन कापली, त्यांनी एक परत जोडलं.
जेमिमा म्हणते, झोपेलाही वेळ लिही,
पुण्याचे शिफ्ट संपवून तसेच बसमध्ये बसतात,
परतवाड्याला उतरतात तेव्हा
त्यांच्या डोळ्यांत अजून स्क्रीन चालू असते.
गावातल्या मुली वेचणीला, सहानंतरच मोकळ्या.
मेळघाटातून जांबेकर भावंडं, तिघं आणि एक गिटार.
रोडगे शनिवारी. गोवऱ्या थॉमसकाकांच्या गोठ्यातून.
वांगी बारा किलो? सुलभाबाई म्हणाल्या, दहाच घे,
शहरातले पोट्टे खातात कुठं.
लाईट या आठवड्यात रात्रीची, म्हणजे दिवसा मोटर नाही,
म्हणजे टाकी पहाटे भरायची, म्हणजे कोणीतरी उठायचं.
कोणीतरीपुढे माझंच नाव लिहिलं.

जागा पाहायला गेले तेव्हा
किल्ली याकोबबाबांकडे होती.
कुलूप त्यांनी दोन्ही मनगटांत धरलं,
किल्लीला बांधलेली चिंधी दातांत,
आणि मी उघडू का, असं विचारायच्या आत उघडलं.
आत भिंतीवर आकडे. एक ते चोवीस, निळे,
आकड्याखाली खाटांनी घासून काढलेला चुना.
"सतरा माहा," म्हणाले,
कोणी आपला शाळेतला बाक दाखवावा तसं.

"काय करता जी तुमी इथं तीन दिवस?"
मी कार्यक्रम वाचून दाखवला.
सकाळी सहा ते सात शांतता. फोन जमा,
कोणी कोणाशी बोलायचं नाही.
बाबा हसले. खोकला येईपर्यंत हसले.
"आमाले अकरा वर्सं ठेवलं इथं शांततेत.
सख्खा भाऊ आला नाई बोलाले.
पैसे भरून मातर कोनी आलं नोयतं."

पुढे वाचायला जीभ वळेना.
पण पुढची ओळ होती:
शनिवार, रात्री आठ, एकमेकांचे पाय धुणे.

ते थांबले.
मागच्या खोलीत गेले, भांडी वाजली,
आणि एकात एक बसलेली एनॅमलची तसराळी
छातीशी धरून घेऊन आले,
पांढरी, काठाला निळी, बुडाशी टवके उडालेली.
"रोज सकायी याच्यातच पाय बुडवो आमी.
सिस्टर खाली बसे, पाटावर. जखमा पाहे.
आमच्या पायाले दुखनंच नोयतं ना जी,
म्हून तिले पाहा लागे."

मग उरल्या बोटाने वही दाखवली.
"लिहा. पानी कोमट पाह्यजे.
हातानं पाहू नोका, कोपरानं पाहा.
हाताले समजते, असं नुसतं वाटते मानसाले."

परतीच्या बसमध्ये वही मांडीवर.
शांततेचा तास खोडायला पेन टेकवलं
आणि तसंच राहिलं, शाईचा एक ठिपका झाला.
त्याच्यापुढे लिहिलं, याकोबबाबांना विचारणे.
काय विचारणे, ते सुचलं नाही.
तेवीस नावं, तेवीस आकडे.
सतरापुढे कोणालाच घालवेना,
मग पेन्सिलीने सायमन लिहिलं.
अक्षर गाडीच्या हिसक्याने वाकडं गेलं.

तसराळी सहा. टॉवेल ज्याचा त्याने आणावा.
पाणी कोमट. कोपर.
वांगी दहा किलो खोडून बारा केली.