डाख

भाऊच्या धक्क्यावर, ओहोटीला,
‘धनसागर’च्या केबिनमध्ये मी उताणा.
तोंडात टॉर्च, मानेखाली डिझेलचं फडकं,
आणि हरेश्वर नाखवा वरून
दर दोन मिनिटांनी: झालं का रं?

कुणीतरी वायर कापली होती.
स्क्रीन डाव्या हाताला हवी म्हणून
हातभर तुकडा जोडलेला,
तारा वातीसारख्या पिळून वर काळी पट्टी.
आतल्या तारा कशाबशा भेटल्या होत्या,
पण त्यांच्या अंगावरची तांब्याची जाळी
तशीच मागे सरकलेली,
झोपेत पांघरूण जावं तशी.
आणि शेजारी, एकाच क्लिपमध्ये,
आल्टरनेटरची जाड वायर
रात्रंदिवस बडबडत.

तीन महिने स्क्रीनवर म्हावरं होतं.
झुंडीच्या झुंडी, तांबड्या, पिवळ्या.
नाखव्याने जाळं टाकलं, ओढलं:
प्लास्टिक, चार बोंबील, एक चप्पल.
दर्या रुसला म्हणून नारळ दिला.

मी म्हटलं, इंजिन बंद करा.
केलं.
सगळे मासे एकदम मेले.

नाखवा, तुम्ही आल्टरनेटरवर जाळं टाकत होता.
तो हसला नाही.

माझगावचे कासमचाचा सांगायचे,
घाईचा डाख राखाडी पडतो,
खरा डाख बांगड्याच्या पाठीसारखा चमकतो.
दोन डाख समोरासमोर नकोत,
एक पुढे, एक मागे, प्रत्येकाला आपली नळी.
आणि नळी आधी ओवायची.
मी विसरलो. पुन्हा कापलं.
नाखव्याने पाहिलं, बोलला नाही काही.

जाळीशी मात्र माझी बोटं अडली.
केसांहून बारीक तारा, घामाने निसटत्या.
“मना दे,” म्हणत तो खाली बसला,
चष्मा कपाळावर ढकलून,
आणि फाटलेल्या डोळाला घ्यावा तसा
एकेक धागा पलीकडच्यात गुंफत गेला.
मी फक्त डाख दिला.
वर डिंकवाली नळी, मग लायटरची आच.
आल्टरनेटरला पलीकडच्या भिंतीवर हाकललं.

इंजिन लावलं.
स्क्रीन निळी. कोरी.
खाली तळाची एकच रेघ: अडीच वाव.
त्याचा विश्वास नाही.
शिशाचं वजन दोरीला बांधून सोडलं त्याने,
ओल्या दोरीवर हात मोजले.
अडीच.

“आणि म्हावरं कुठं गेलं माझं?”
पैसे देताना शंभर कमी दिले,
म्हणाला, मासे तर तू पळवलेस.

मी अवजारं गोळा करत होतो
तेव्हा तळाच्या जरा वर
एक ठिपका उगवला. स्वल्पविरामाएवढा.
दोघेही वाकलो.
त्याचा हात न सांगता किल्लीकडे गेला,
इंजिन थांबलं.

ठिपका राहिला.