उशिरा निघणारा फोटो

काचेवर तीन कॅमेरे मांडून
इराण्णा म्हणाला, बघा की ओ, कुठला देऊ?
पहिला पाच मेगापिक्सेलचा, अठरा हजार.
मधला चारचा.
तिसरा तीन पॉइंट दोनचा, पेन्सिल सेलवर चालणारा,
नऊ हजार आठशे, कापडी पिशवी फुकट.

पहाटेच्या लाल बसनं आलो होतो निपाणीहून,
तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती,
मांडीवर माझा जुना याशिका.
का आणला होता कुणास ठाऊक.
दुसरी मुलगी बघायला जाताना
पहिलीला कुणी सोबत नेतं का?

मेगापिक्सेल म्हणजे काय ओ, मी विचारलं.
दाणे समजा, इराण्णा म्हणाला,
जितके जास्त दाणे तितकी भाकरी मोठी.
मला आठवले ते दुसरेच दाणे,
मांडवातली वीज गेल्यावर चारशेच्या फिल्मवर
नवरीच्या गालावर उठलेले.
तिच्या सासऱ्यानं निम्मे पैसे कापले होते.

मग पडद्यावर आलं : भाषा निवडा.
जपानी होती, जर्मन होती, स्पॅनिश होती,
आम्ही दोघं बोटानं खाली खाली गेलो.
ना मराठी, ना कन्नड.
आमच्याकडं पाटीवरच्या अक्षरांसाठी डोकी फुटतात,
आणि इथं दोघांनाही दारात उभं केलेलं नाही.
इराण्णा हसला. मीही.
इंग्लिश दाबली.

सव्वीस वर्षं मी माणशी एकच फ्रेम दिली.
रोल महाग, पेपर महाग, हायपो महाग.
हलू नका म्हटलं की
वखारीतल्या बाया श्वास धरायच्या,
विडी कामगाराच्या कार्डासाठी,
लुगड्याला तंबाखूचा खाट, शिंक दाबून.
मुकादम हजेरी मांडताना करायचा
तोच चेहरा त्या मला द्यायच्या.
माझ्या पाकिटांत हजारो निगेटिव्ह आहेत
त्या धरलेल्या श्वासाच्या.

दुकान झाडणारी तंगेव्वा समोर होती.
म्हटलं, काढू एक?
तिनं केरसुणी भिंतीला टेकवली,
पदर नीट केला, ताठ झाली.
अठरा हजारवाल्यानं टच्च करून तिला उचललं,
जशी होती तशी, ताठ.
मग तिसरा घेतला. बटण दाबलं.
काहीच नाही.
झालं? म्हणून तिनं श्वास सोडला,
मान सैल पडली, इराण्णाला काहीतरी कन्नडात म्हणायला
तोंड अर्धं उघडलं,
आणि तेव्हा कुठं तो वाजला.

हा उशिराच काढतो ओ, इराण्णा ओशाळला,
स्वस्तातला आहे, तुम्ही पाचचा न्या.
बेडा, मी म्हणालो. हाच द्या.

आठ हजार दोनशे वाचले, हेही खरंच.
घरी तेवढंच सांगितलं.

तीन महिन्यांत नखांवरचे तपकिरी डाग गेले.
डार्करूममध्ये बायकोनं शिलाई मशीन आणून ठेवलं,
लाल बल्ब काढून साठचा लावला,
खिडकीवरचा काळा पुठ्ठा उतरवला
तेव्हा कळलं, पलीकडं शेवग्याचं झाड आहे.

हौसाक्का आली कार्डाच्या फोटोला.
बसली, श्वास धरला, सोडला,
आणि कॅमेऱ्यानं आपल्या वेळेला तिला घेतलं :
शेजारणीकडं वळलेली, एक दात पडलेला दिसणारी,
अशी मी तिला कधी पाहिली नव्हती.
कौतुकानं पडदा दाखवला.
ही कोण? ती म्हणाली.
पुसा ती. वेड्यागत दिसालीय.
कार्डाला नीट पायजे.

दुसऱ्या खेपेला मी थांबा, थांबा म्हणत राहिलो,
वाजेपर्यंत.
तिला तोच आवडला, हजेरीचा.

पहिला ठेवून घेता आला असता चोरून.
कार्डात जागा होती.
पण बाईनं पुसा म्हटलं होतं.
काढायला एवढा वेळ घेणारा कॅमेरा
पुसायला अजिबात घेत नाही.

पुढं कोण? आक्काताई?
या, बसा. हलू नका.
बरं, हला. हललात तरी चालतंय.