मुकं असेल ते

इर्शादच्या अब्बांच्या लेथवर
साडेसातनंतर आमचा नंबर.
उद्यमनगरात तेव्हा लोखंडाचा वास जरा निवतो,
आणि आम्ही पाइपला भोकं पाडत बसतो.

वहीत हिशेब: सेन्सर साठ, पाइप चाळीस,
बॅटरी मेलेल्या मोबाइलची, फुकट.
भोंगा पंधरा.
भोंग्याचा आम्हाला भारी अभिमान.
दोन हातांवर काही आलं की असा केकाटायचा
की पलीकडच्या फाउंड्रीतला वॉचमन शिव्या द्यायचा.

पहिली काठी गोदाक्का मगदुमांच्या हातात दिली.
त्या वेताच्या खुर्च्या विणतात,
गंगावेशीतून एकट्या येतात-जातात.
पन्नास पावलं चालल्या. थांबल्या.
"पोरांनु, हिचं तोंड बंद करा आधी.
हिच्या वरडण्यात मला रस्ता ऐकू येईना."

मग काठी काखेत मारून
त्यांनीच आम्हाला रस्ता दाखवला:
ही करकर, कापशी चपला, नव्या,
म्हणजे वकील आज कोर्टात निघाले.
ही धार, दूधकट्ट्यावरची तिसरी म्हैस,
चरवी निम्मी भरली.
"बोलतंय ते मला कळतंय की रे.
मुकं असेल तेवढं सांगाय शिकवा हिला.
उभ्या टेम्पोचं फाळकं.
कपाळाला लागणारा बोर्ड.
काल नव्हता असला खड्डा."

त्या रात्री भोंगा काढला.
मोबाइलची थरथरणारी मोटर, हरभऱ्याएवढी,
मुठीत बसवली, तळव्याला लागेल अशी.
सेन्सर वळवला वर, कपाळाकडं.
खड्ड्याचं अजून जमलेलं नाही.
वहीत त्या पानावर नुसतं प्रश्नचिन्ह.

दुसऱ्यांदा त्या चालल्या
तेव्हा गल्ली नेहमीसारखी वाजत होती.
आमची काठी कुणालाच ऐकू आली नाही.
रसाच्या दुकानाच्या पाटीखाली
गोदाक्का नुसत्या वाकल्या,
देवळाच्या ठेंगण्या दारात वाकावं तशा,
आणि पुढं गेल्या.

परत आल्यावर किंमत विचारली नाही.
म्हणाल्या, "रंग कसला दिलाय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
पाइप होता तसाच, राखाडी.
का, ते कुणीच बोललं नाही.

इर्शादचा मामू ट्रकांवर नावं रंगवतो.
त्याच्याकडून डबा आणला,
तळाशी उरलेला, लिंबासारखा पिवळा.
सकाळी गोदाक्कांनी काठी नाकाशी नेली.
"ओला हाय अजून," म्हणाल्या.
"वाळू दे. मी बसते."