नरम

पहाटे उजवा खांदा माझ्याआधी जागा होतो.
मी अजून गोधडीत,
तो गंजल्या कडीसारखा कुरकुरत विचारतो,
आज कुठवर?

जानेवारी. निफाडची थंडी
रात्रीतून तांबट आळीपर्यंत चालत आलेली.
मालन गरम पाण्याची पिशवी भरते,
झाकण दोनदा आवळते,
म्हणते, "घ्या, शेका तुमच्या लाडक्याला."

चाळीस वर्षं ठोके दिले.
हंडे, घंगाळी, लग्नातले बंब.
एका बंबाला नऊ हजार ठोके,
मोजलेत मी, रंगनाथशी पैज लागली होती.
आता ते बंब
गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टांच्या दारात उभे,
त्यांत कागदी फुलं.
आणि मला गंजीफ्रॉक चढवायला
पाच मिनिटं लागतात, आणि एक शिवी.

मृणाल बोरस्ते, फिजिओ, वय असेल सत्तावीस.
तिने माझा हात उचलला
गिऱ्हाईक भांडं उचलून बघतं तसा:
वजन, जाडी, पोचा कुठे.
"काका, खांदा गोठलाय."
म्हटलं, तांबंही गोठतं, पोरी.
ती लिहायची थांबली.

पत्रा मठारत गेलं की कडक होतो.
लोकांना उलटं वाटतं,
मारलं की मऊ पडत असेल.
नाही. ठोक्या-ठोक्याला तो आतून आखडतो,
मग ऐकेनासा होतो,
आणि तरी मारलात
तर काठाशी चिरतो.
तेव्हा हातोडी खाली ठेवायची.
भट्टीत लाल होऊ द्यायचा,
काढून पाण्यात बुडवायचा.
चर्र.
मग कागदासारखा वळतो.

"मग आपण तेच करतोय," ती म्हणाली,
आणि औषधाच्या चिठ्ठीमागे
काड्यांचा एक माणूस काढून दिला.

तो माणूस म्हणजे मी.
ओट्याला डावा हात टेकून वाकलेला,
उजवा सैल सोडलेला,
विहिरीत रिकामी बादली झुलावी तसा.
पाठीमागे टॉवेल:
वरचा हात ओढतो, खालचा निमूट जातो,
नव्या नवरीसारखा, म्हणते मालन,
आणि स्वतःच हसते.
मग भिंतीवर बोटं चालवायची,
कोळ्यासारखी, एकेक करत.

भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत.
सहा तारीख, स्विचबोर्डाच्या खाली.
चौदा, स्विचबोर्ड.
सोळा ते वीस काही नाही,
पाहुणे होते, लाज वाटली.
एकवीसला मी जिद्दीला पेटलो,
दात आवळून हात वर रेटला,
कॅलेंडरपर्यंत.
रात्रभर बसून काढली.
बावीसची खूण सहाच्याही खाली.

"ठोकलंत ना?" फोनवर तिने एवढंच विचारलं.
चाळीस वर्षांत कुठल्या उस्तादाने
मला इतकं बरोबर पकडलं नव्हतं.

मालन म्हणाली, ती खूण पुसा.
पुसली नाही. हिशेब आहे तो.

तेव्हापासून आधी शेक,
मग थोडं, मग श्वास,
मग चहा.
आळीत सकाळी आता दोनच हातोड्या वाजतात.
त्यांच्या तालावर हात झुलतो,
आपोआप, मी न सांगता.

दुकानाचं शटर सहा महिने अल्तमश ओढतो,
समोरच्या झेरॉक्सवाल्याचा मुलगा.
मी हाक मारायच्या आत येतो,
पैसे घेत नाही, कधीतरी विलायची केळं घेतो.

काल संध्याकाळी सहज हात वर केला.
शटरच्या पट्टीला बोट लागलं.
थंड लोखंड.
मग दुसरं बोट, मग तिसरं.
खांद्यात कळ आली, पण ओळखीची,
दारात थांबून विचारणारी.
ओढता आलं असतं, बहुतेक.

पण तो रस्ता ओलांडून आलाच होता,
स्कूटरवाल्याला हात दाखवत,
स्वेटरच्या बाह्या मागे सारत.

मी हात खाली घेतला, हळू,
शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत.
म्हटलं, ओढ बाबा.
उद्या बघू.