फक्कीचं घर

मी शाळेचा शिपाई. वर्षातनं दोनदा
खो-खोचं मैदान आखतो, एकदा कबड्डीचं.
बुडाला भोकं पाडलेला डबा, त्यात फक्की,
आणि सुतळीवरनं न ढळणारी नजर.
एवढीच माझी कला.

त्या दिवशी कुपवाडच्या अंगाला, माळावर
साहेबांनी नकाशा उलगडला, म्हणाले,
"बसाप्पा, लोकांना कागदावर कळत नाही.
जमिनीवर काढ."

मग मी घर काढलं.
बाहेरची खोली दहा बाय नऊ,
आतली हातभर कमी,
ओटा, मोरी, संडास घरातच.
हे ऐकून मागं कुणीतरी हसलं,
कुणीतरी हसलं नाही.

सोडतीत नाव लागलेली माणसं सकाळपासनं उभी.
नदीकाठची, पत्र्याखालची,
कृष्णा चढली की आमच्याच शाळेत येणारी.
त्यांच्या गोधड्या मी बाकांवर वाळत घातल्यात,
नावं नाही तरी गोधड्या ओळखतो.

सुगंधा ऐवळे रेघेशी येऊन थांबली.
बेदाणा निवडून चिकटलेली बोटं पदराला पुसत म्हणाली,
"दार कुठाय?"
मी तीन फूट मोकळे सोडले होते, ते दाखवले.
तिनं तिथं चपला काढल्या.
चारी बाजूंनी माळ उघडा,
कुठनंही आत शिरता आलं असतं.
बिल्किस नदाफ तिला हसली,
मग तिनंही काढल्या.
म्हातारा गणपा वडर तर वाकून आत आला,
चौकट कपाळाला लागंल म्हणून.

सुगंधा आतल्या खोलीत आडवी झाली,
सगळ्यांदेखत.
पाय ताणले, हात डोक्यामागं लांब केला.
रेघेला लागला नाही.
उठली, पाठीची माती झटकली,
कुणाकडं बघितलं नाही.

"हप्ता किती?"
साहेबांनी आकडा सांगितला.
किलोला एवढे, दिवसाला एवढे किलो,
तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले.

तिचा नवरा म्हणाला, "आणि केळीचा गाडा?"
साहेबांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला.
मोटारसायकलींना चौकोन होते.
गाड्याला नव्हता.
मी डबा उचलला आणि जिन्याच्या जागेशेजारी
साडेसहा बाय साडेतीनचा एक चौकोन काढला.
साहेबांनी बघितलं.
काही बोलले नाहीत,
पायानं पुसलाही नाही.

"पण हे तिसऱ्या मजल्यावर हाय बरं का," ते म्हणाले.
सगळ्यांनी माना वर केल्या.
वर काहीच नव्हतं.
एक टिटवी ओरडत
कुणाच्यातरी स्वयंपाकघरातनं गेली.
"तिथवर पाणी येत न्हाई,"
बिल्किस म्हणाली, कुणालाच नाही.

माझं नाव यादीत नाही.
कागदावर माझं उत्पन्न
दोन-तीनशेनं जास्त भरतं.
मी विचारलंही नाही.
खोलीवर परत आलो, घरभाडं
डब्याखाली ठेवलेलं होतं, तेही मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत कबड्डीचं मैदान आखलं.
खेळाचे सर लांबनं ओरडले,
"बसाप्पा, हितं तीन फूट रेघ सुटलीय की रं!"
मी मागं वळून बघितलं.
सुटली होती खरी.
पोरं तिथनंच आत येत होती,
एकेक करून.