अकरावी ओळ

मेणाचा ठोकळा, आत तांदळाच्या तीन दाण्यांएवढं ऊतक.
कडेला पेन्सिलीने: स. कु., तारामुंबरी, ५२.
शाई स्पिरिटात विरघळते, पेन्सिल टिकते.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एवढं शिकले,
बाकीचं अजून शिकते आहे.

चार मायक्रॉनचा काप काढायचा तर
आधी पंखा बंद, मग श्वास.
ओरोसच्या उकाड्यात घाम पापणीवर येऊन थांबतो.
पात्यावरून मेणाची पट्टी सुटते,
कोमट पाण्यावर सुरकुत्या सोडत पसरते,
मी खालून काच सरकवते नि उचलते,
तव्यावरून घावन उचलावा तशी, कडेकडेने.

मग रंग. वाढत्या पेशींची केंद्रकं तपकिरी,
थांबलेल्यांची निळी. पाचशे मोजायच्या.
सगुणा कुबलांच्या पाचशेत तपकिरी
तीनशे सात.
पुन्हा मोजल्या. तीनशे नऊ.

केमो सुरू होण्याआधीच कळावं
गाठ विरघळेल की बसून राहील,
एवढाच आमचा अभ्यास.
झांट्ये मॅडम आकडे पुण्याला पाठवतात,
तिथून एक आकडा परत येतो.
सगुणाबाईंचा आला: शंभरात एकाहत्तर.
त्या दिवशी आम्ही दोघींनी चहाबरोबर खाजं खाल्लं.

पण त्याआधीची गोष्ट राहिली.
संमतीच्या कागदावर सही करायला त्या तयार नव्हत्या.
कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, मग विचारलं,
"माझ्यासारख्यो बायलो कितीशो आसत गो, तुझ्या वहीत?"
बाराशे आहेत, मी म्हटलं.
"माझ्यासारख्यो."
मी यादी खाली खाली सरकवत गेले.
शहरं, शहरं, मधे एक साखर कारखान्याचं गाव,
आणि समुद्राकाठच्या
दहा.
"म्हणजे मी अकरावी," म्हणाल्या.
'स' मोठा काढला, बाकीची अक्षरं रेघेखाली उतरली.

सहा वेळा आल्या, दर एकवीस दिवसांनी,
देवगडहून पहाटेची एसटी, डोक्याला मुलाची कानटोपी.
चौथ्या खेपेनंतर बोटांची टोकं बधिर.
सुरमई दाबून ताजी की शिळी ते सांगणारी बोटं ती.
"आता डोळ्यांनी बघून बोली लावतंय," म्हणाल्या,
"दोन वेळा फसलंय."

ऑपरेशननंतरचा ठोकळा मीच कापला.
विरघळली नव्हती.
पुष्कळ वेळ काचेवर नुसतं तपकिरी बघत बसले,
भिंग बदललं, पुन्हा तेच.
तक्त्यात लिहिलं. अंदाज: ७१. झालं: नाही.
त्या 'नाही'वर बोट ठेवून मी किती वेळ होते
ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पुढच्या गोळ्यांसाठी आल्या तेव्हा थेट आमच्या खोलीत.
झांट्ये मॅडम काही समजावू लागल्या, त्यांनी हातानेच थांबवलं.
"चुकला ता लिवलंस मां?" मला.
लिहिलं.
"खाडाखोड नाय मां केलंस?"
नाही.
तेव्हा बसल्या. पाणी मागितलं.

त्यांचा बाप रापणीचा टेहळ्या होता.
टेकावर उभं राहून पाण्यावरची काळी सावली बघायची
आणि हाळी द्यायची, मग पन्नास माणसं दोर ओढणार.
कधी बांगडा, कधी नुसतं शेवाळ नि कुर्ल्या.
हाळी फुकट गेली की घरी येऊन
तो दाराच्या चौकटीवर कोयतीने एक खूण पाडायचा.
फुकट गेलेल्याचीच.
आई चिडायची, चौकट पोखरून टाकलीस म्हणून.
"बरोबर ठरलेला सगळ्यांका आठवता गो,"
सगुणाबाई पिशवीतून सुटे पैसे काढत म्हणाल्या,
"चुकलेला कोणी तरी राखूक होया."
साडेतीनची गाडी होती, उठल्या.

आज ट्रेमध्ये बारावी आहे.
आचरा, ३८. आद्याक्षरं नीट लागत नाहीत,
फोन करून विचारलं, लिहून घेतली.
पेन्सिलीला टोक केलं.
पंखा बंद.